निवृत्तीनंतर दिवस कसा जाईल याची भीती वाटते. तुम्ही काय केलंत?

तुम्ही लिहिलंय की येत्या ३१ मेला निवृत्त होताय, पेन्शनची काळजी नाही, मुलं मार्गी लागली आहेत, तरी ‘आता आपली गरज कुणाला’ या विचाराने झोप लागत नाही. ३१ मे म्हणजे तुम्हालाही शाळेत घालताना मास्तरांनी जन्मतारीख १ जूनच लावलेली दिसतेय. माझंही तसंच. २०१९च्या ३१ मेला मी बँकेतून कॅशियर म्हणून बाहेर पडलो, शाल-श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन.

तुमची भीती खरी आहे. ‘आता आराम करा’ म्हणणाऱ्यांचं ऐकून ती दाबून टाकू नका. पहिले काही महिने रोज पावणेदहा वाजले की मला घरात बसवत नसे. मग मी घरच तपासायला लागलो. दुधाचा हिशेब, सिलिंडर किती दिवस पुरला, भाजी कितीला आणली. पस्तीस वर्षं ते सगळं बायकोने एकटीने सांभाळलं होतं, तेव्हा मी एकदाही विचारलं नव्हतं. एके दिवशी ती शांतपणे म्हणाली, “अहो, माझं ऑफिस माझ्याकडेच राहू द्या.” लागलं मनाला. पण तिचं बरोबर होतं, आणि हे तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, कारण निवृत्तीचा पहिला फटका घरच्या बाईला बसतो.

मग सगळे करतात ते केलं. सकाळचं फिरणं, हास्यक्लब, अष्टविनायक, पेटीचा क्लास. त्यात वाईट काहीच नाही, पेटी आजही वाजवतो. पण संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर बसलं की वाटायचं, आज मी नसतो तर कुणाचं काय अडलं असतं? पुढे कोरोनाची दोन वर्षं तशीच गेली.

वळण आलं ते २०२२च्या नोव्हेंबरात. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांचा हयातीच्या दाखल्याचा महिना, पेन्शन चालू राहावी म्हणून आपण जिवंत आहोत हे दरवर्षी दाखवायचं. मी पासबुक भरायला गेलो होतो. बाहेर पायरीवर एक आजी बसल्या होत्या, ऐंशीच्या घरातल्या. नवरा फौजेत होता, त्याच्यामागे त्यांना कुटुंबाची पेन्शन मिळते. आमच्या सातारा जिल्ह्यात अशा आजी गावोगाव आहेत. अंगठा मशीनवर उठत नाही म्हणून त्यांना तिसऱ्यांदा परत पाठवलं होतं. “म्हातारीला येष्टी फुकट झालीया म्हनून येती बाबा, न्हाईतर कुटनं आनू पैसं?” त्याच ऑगस्टमध्ये पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला होता. मी त्यांचा अंगठा हातात घेऊन पाहिला. जन्मभर भांगलण, शेण, राख. कातडं गुळगुळीत झालेलं, रेषा म्हणून उरली नव्हती. मशीन तरी काय वाचणार?

आदल्या वर्षापासून चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय झाली होती, हे मला ठाऊक होतं. मोबाइलवर जीवन प्रमाणचं, म्हणजे सरकारच्या हयातीच्या दाखल्याचं, आणि आधारच्या चेहरा-ओळखीचं अशी दोन ॲप लागतात. आधार, पेन्शनच्या आदेशावरचा पीपीओ नंबर आणि खातेनंबर त्यांच्या पिशवीत होतेच. त्यांच्या पाठीमागे ऊन होतं, म्हणून उठवून सावलीत बसवलं. फोटो काढतोय असं वाटून त्या पदर सारखा करत चेहरा झाकायच्या. डोळ्यांची उघडझाप करा म्हटलं तर घट्ट मिटूनच घ्यायच्या. चौथ्या खेपेला झालं. त्यांनी विचारलं, “म्हंजी मी जित्ती हाय, ह्ये कळलं का त्यास्नी?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. असे शेकडो दाखले मी काउंटरच्या आतून घेतले होते. कागद बघायचा, सही जुळवायची, शिक्का मारायचा. माणूस समोर उभा असायचा आणि मी वर मान करून पाहायचो नाही. मला त्याची मनापासून लाज वाटली.

तेव्हापासून बाजाराच्या दिवशी दहा ते एक मी देवळाच्या ओवरीत बसतो. खेड्यांतली माणसं त्या दिवशी वाईत येतात. हयातीचे दाखले, वारसाची नोंद, बंद पडलेलं खातं, नावातली चूक. ऐंशीवरच्या केंद्राच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले कामगार, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाची पेन्शन घेणारे, उगीच नोव्हेंबरच्या गर्दीत उभे राहतात. त्यांचा दाखला कुठल्याही महिन्यात चालतो आणि दिल्यापासून वर्षभर धरतात. एवढं सांगितलं तरी माणसाची एक खेप वाचते. पैसे घेत नाही, कुणाचं पासबुक ठेवून घेत नाही, पिन तर विचारतही नाही. भुईमुगाच्या शेंगा कुणी आणल्या तर घेतो, कारण नाही म्हटलं की त्यांना वाईट वाटतं.

आठवड्यातून तीनच तास, पण बाकीचे सहा दिवस त्यामुळे बदलले. आता घाटावर नुसता बसलो तरी ते बसणं खुपत नाही. आमच्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचं काम उभं केलं. पहिला खंड १९७६ साली आला तेव्हा ते पंचाहत्तर वर्षांचे होते. एवढं मोठं काम आपल्याच्याने होणार नाही, म्हणून मी पूर्वी त्या उदाहरणाकडे पाहायचोच नाही. आता वाटतं, त्यात मोठेपणा बाजूला ठेवून पाहण्यासारखी एक गोष्ट आहे. काम वयाकडे बघून संपवलेलं नव्हतं.

म्हणून तुम्हाला सांगतो, नवा छंद शोधायची घाई नको. उरलेल्या दिवसांत एक वही करा आणि तुमच्या टेबलाशी लोक काय काय विचारायला येतात, कशासाठी परत पाठवले जातात, ते रोज टिपून ठेवा. जून महिना खुशाल आराम करा, कुठे जायचं असेल तर जाऊन या. मग ती वही काढा. तुम्ही कोणत्या खात्यात आहात ते लिहिलेलं नाही. कळवलंत तर त्यातलं काय उपयोगी पडेल ते आपण मिळून बघू.