अर्धा चमचा कुणाच्या झोपेसाठी?

प्रिय ताई,

आमची मुलगी दहा महिन्यांची आहे. गणपतीला कुडाळला सासरी जायचंय, कोकणकन्येने. थ्री एसीची तिकिटं मिळाली आहेत, ठाण्याला चढणार. घरी ती साडेआठ म्हणजे साडेआठला तिच्या पाळण्यात झोपते, खोलीत पूर्ण अंधार आणि व्हाइट नॉइजचं, म्हणजे सतत एकसुरी आवाज करणारं, मशीन लागतं. गाडी ठाण्यालाच मध्यरात्रीच्या सुमारास येते. सासरी तर पाच दिवस आरत्या, भजनं, माणसांची वर्दळ. खिडकीला चिकटवायचा काळा पडदा, मशीन, घडीची कॉट अशी यादी केली आहे. अजून काय न्यावं? तिच्या झोपेची वेळ किती दिवस आधीपासून पुढे सरकवावी? यांना पोचल्या पोचल्या मखराचं काम असतं, म्हणून ते वरच्या बर्थवर झोपतील. मे महिन्यात सोलापूरला लग्नाला गेलो तेव्हा जाताना ती बसमध्ये फार रडली, लोक वळून वळून बघत होते. येताना वन्संनी सांगितलं तसं सर्दीचं औषध अर्धा चमचा दिलं तर थेट घरापर्यंत झोपली, म्हणून ते बरोबर ठेवलंच आहे. पण सासरी पाच दिवस काय करू?

— झोपेला पारखी, डोंबिवली

अगं पारखी,

तुझं पत्र मूळचं चार पानांचं, इथे काटछाट करून घेतलं आहे. त्यातली तीन पानं पडदा, मशीन आणि कॉट यांच्यावर खर्ची पडली आहेत. पडद्याचं माप दिलंस, मशीनची बॅटरी किती तास टिकते तेही दिलंस. औषध मात्र एका वाक्यात उरकलंस, तेही ‘बरोबर ठेवलंच आहे’ असं, जणू मोबाइलचा चार्जर. मी त्या वाक्यापाशी अडले ते अडलेच. यादीचं नंतर बघू.

सोलापूरहून येताना तिला सर्दी झाली होती का? चारही पानं पुन्हा वाचली. नाक गळत होतं, शिंका येत होत्या, असं कुठेच लिहिलेलं नाही. जाताना रडली होती, एवढंच आहे. येताना रडायला लागायच्या आधीच चमचा तोंडात गेला की नंतर, तेही तू सांगत नाहीस. म्हणजे सहा महिन्यांच्या मुलीला न झालेल्या सर्दीचं औषध पाजलंस, तिने गप्प बसावं म्हणून. ऐकायला कडक वाटेल. वाटू दे.

त्या औषधाने झोप का येते, हे वन्संनी सांगितलं नसणार. अशा बऱ्याच सिरपांत क्लोरफेनिरामिन असतं. ते वाहतं नाक थोपवतं, आणि गुंगी हा त्याचा दुष्परिणाम. तुम्हा दोघींना हवा होता तो नेमका दुष्परिणामच. क्लोरफेनिरामिन आणि चोंदलेलं नाक मोकळं करणारं फेनिलएफ्रिन यांचं एकत्र औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये बजावलं आणि कंपन्यांना तसं लेबलवर छापायला सांगितलं. बाटली काढ आणि मागची बारीक अक्षरं वाच. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने लहान मुलं दगावली. तेव्हा केंद्रीय आरोग्य खात्याने आणखी स्पष्ट सांगितलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहूनही देऊ नयेत आणि देऊही नयेत, पाच वर्षांखालीसुद्धा सहसा टाळावीत. हे डॉक्टरांना सांगितलंय. वन्सं तर डॉक्टरही नाहीत.

बरं, अर्धा चमचा म्हणजे कुठला? औषधाच्या झाकणाचा, चहाचा की पोह्यांचा? तान्ह्या मुलांचं औषध वजनावर ठरतं. त्यात एकाच नावाचे थेंब वेगळे आणि सिरप वेगळं, थेंबांत बहुधा औषध दाट असतं. धावत्या बसमध्ये, अंधारात, एका हाताने मूल धरून, तू किती ओतलंस हे तुलाही छातीठोक सांगता येणार नाही. काही मुलांना या औषधांनी उलटंच होतं. झोप राहते बाजूला, रात्रभर थयथयाट करतात. तुझ्या मुलीचं तसं झालं नाही, म्हणून तुला वाटतंय की उपाय सापडला.

मला जास्त भीती आहे ती कोकणकन्येतल्या रात्रीची. दहा महिन्यांचं मूल सहज जागं होतं, आणि ते सहज जागं होणंच त्याचं रक्षण करतं. नाकावर पांघरूण आलं की ते मान फिरवतं, कुरकुरतं, हातपाय झाडतं. गुंगीतलं मूल हे सगळं उशिरा करतं, किंवा करतच नाही. आता तुझा बर्थ डोळ्यांसमोर आण. अरुंद फळी, रेल्वेची जाड ब्लँकेट, भिंतीला लागून औषधाने निपचित पडलेली मुलगी, आणि तिला चिकटून तू, दिवसभर बॅगा भरून दमलेली. तूही झोपणारच. दोघींतलं एक तरी माणूस पटकन जागं व्हायला हवं ना?

पत्रात ‘लोक वळून वळून बघत होते’ हे तू दोनदा लिहिलं होतंस, एकदाचं मी काढलं. ‘तिला त्रास होत होता’ असं एकदाही नाही. म्हणजे तो चमचा कुणासाठी होता ते उघड आहे. पुढच्या सीटवरच्या काकांसाठी, मागे व्हिडिओ बघत बसलेल्या मुलासाठी. बसमधल्या अनोळखी माणसांच्या कानांना आराम मिळावा म्हणून आपल्या लेकीला गुंगवायचं, हा हिशेब कुणी मांडला? वन्संनी सल्ला दिला, मान्य. पण चमचा तू धरलास. वन्संवर खापर फोडून तुला मोकळं करायची माझी तयारी नाही.

तेव्हा एकच सांगते. ही ओळ वाचून झाली की उठ, पिशवीतून ती बाटली काढ, वापरलेल्या चहापावडरीत ओत, ते कागदात गुंडाळून कचऱ्यात टाक. ‘राहू दे, लागलीच तर’ असं म्हणून कपाटात ठेवायची नाही. कपाटात असलेली बाटली रडण्याच्या तिसऱ्या तासाला हमखास सापडते. मग उद्या तिच्या डॉक्टरांना फोन कर आणि मे महिन्यात काय दिलं ते सांग. नाव सांग, अंदाजे किती दिलं ते सांग. त्यानंतर कधी दिलं असशील तर तेही. चार महिने उलटले, मुलगी खेळतेय, म्हणून घाबरून जाऊ नकोस. पण त्यांना माहीत असायला हवं, आणि त्यांच्यासमोर ते मोठ्याने बोलायला लागावं अशीही माझी इच्छा आहे. प्रवासात खरंच सर्दी झाली तर काय करायचं, तेही तेव्हाच विचारून घे.

आता गाडी. रडेल ती. ठाण्याच्या फलाटावरच्या गर्दीत जागी होईल, डब्यातल्या दिव्याकडे बघत बसेल, पनवेलनंतर कधीतरी कंटाळून भोकाड पसरेल. पसरू दे. गणपतीच्या आठवड्यात कोकणकन्येत निवांत झोपायला कुणी चढत नाही. त्या डब्यात मखराचे सुटे भाग असतात, दिव्यांच्या माळा, केळ्यांचे घड, आणि निम्म्या कुटुंबांच्या मांडीवर एकेक पोर. समोरच्या बर्थवरून कुणी कपाळाला आठ्या घातल्या तर घालू दे, सकाळी कुडाळला उतरलीस की ते तोंड तुला परत दिसणार नाही.

वेळ पुढे सरकवायच्या फंदात पडू नकोस. डोंबिवलीचं आणि कुडाळचं घड्याळ एकच आहे. निघायच्या दिवशी घरी साडेआठलाच तेल लाव, कोमट पाण्याने पूस, पाज, अंगाई म्हण, झोपव. मग झोपलेलीच उचलून निघा. वाटेत उठेल, पण पहिली झोप पदरात पडलेली असेल. डब्यात टीसी येऊन गेला की पुन्हा पाज. एसीत हात गार लागले म्हणून तिच्यावर थरावर थर चढवू नकोस. मानेखाली पाठीला हात लावून बघ, तिथे ऊब असली की पुरे. ब्लँकेट तुला, तिला जाड झबलं आणि पायमोजे.

खालचा बर्थ मिळाला आहे का, ते लिहिलं नाहीस. रेल्वेचा खालच्या बर्थचा कोटा ज्येष्ठांना, पंचेचाळिशीपुढच्या बायकांना आणि गरोदर बाईला असतो. मूल पोटात असेपर्यंत सोय, बाहेर आलं की तुझं तू बघ, असा एकूण कारभार. २०२२ च्या मे महिन्यात लखनौ मेलच्या एका डब्यात खालच्या बर्थला बाळासाठी घडीचा छोटा बर्थ जोडून बघितला होता. आपल्या गाडीला तो लागेल तेव्हा लागेल, तूर्त नवऱ्याला कुणाशी तरी बर्थ बदलून मागायला लाव. हे काम त्याचं.

सासरच्या पाच दिवसांचं तू उगाच डोक्यावर घेतलंयस. त्या घरात तिला अंधारापेक्षा ओळखीच्या गोष्टी लागतील, तेच तेल, तेच गाणं, तीच वेळ. दहाव्या महिन्यात मुलांना परकी माणसं कळायला लागलेली असतात, आणि गणपतीच्या घरात ती या हातातून त्या हातात दिवसभर फिरते. संध्याकाळी आरतीपर्यंत तिची पार दमछाक होते, आणि दमलेलं मूल लवकर झोपत नाही, उलट चिवट होतं. म्हणून साडेआठला तिला आतल्या खोलीत ने, दार लोट. ओटीवर भजन चालू असलं तरी हरकत नाही. पखवाजाच्या त्याच त्या ठेक्यावर मुलं झोपून जातात, फक्त आरतीच्या झांजा कानाशी नकोत. सासूबाई झोळी बांधतील. दुपारी कुणी समोर बसलेलं असेल तर घाल, रात्री मात्र सपाट, घट्ट गादीवर उताणी झोपव, जवळ उशी नको, आणि मच्छरदाणी विसरू नकोस. घडीची कॉट नेणार आहेस ती त्यासाठी चांगली. मशीन आणि पडदा यांबद्दल मला काही म्हणायचं नाही, बॅगेत जागा असेल तर ने.

राहता राहिला नवरा. चार पानांत त्याच्या वाट्याला एक वाक्य आलं आणि त्यातही तो झोपलेला. बाटली ओतलीस की ती रात्र एकट्या बाईच्या अंगावर पडू नये, इतकं साधं आहे. निघायच्या आधीच त्याला सांग, की आपण पाळ्या लावणार आहोत. अर्धी रात्र तू, अर्धी तो, आणि ज्याची पाळी त्याने मुलीला घेऊन जागं राहायचं. मखर दोन तास उशिरा लागलं म्हणून गणपती रुसत नाही. चिपळूण आलं की त्याला वरून खाली बोलाव, मुलगी त्याच्या खांद्यावर दे, आणि तू वर जाऊन पाय लांब कर. पावसाळ्यात गाडी सावकाश चालते, कुडाळ यायला तेव्हा बराच अवकाश असतो.