फिक्सीची चेन किती टाइट ठेवायची

अरे, फिक्सीची (म्हणजे फिक्स्ड-गिअर सायकल, जिच्यात मागचं चाक फिरतंय तोवर पेडलही फिरतच राहतं) चेन तारेसारखी ताणून ठेवू नकोस, नवीन फिक्सीवाले हेच करतात. मधोमध बोटाने वर-खाली केलीस की साधारण 10-12 मिमी हलली पाहिजे, पण हे एकाच जागी बघून उपयोग नाही, क्रँक (पेडलचा दांडा) हळूहळू पूर्ण फिरवत बघ, कारण चेनरिंग (पेडलजवळचं दात्यांचं चाक) कधीच शंभर टक्के गोल नसते, एका ठिकाणी चेन घट्ट होते नि दुसरीकडे सैल, तर ॲडजस्ट करायचं ते सगळ्यात घट्ट जागेवर. तिथेही थोडा ढिलेपणा हवाच. जास्त टाइट ठेवलीस तर पेडल जड लागतं, करकर आवाज येतो आणि हबचे (चाकाच्या मधल्या भागाचे) बेअरिंग लवकर जातात. सैल ठेवणं त्याहून वाईट, चेन उतरून अडकली की मागचं चाक जाम, आणि ब्रेक नसेल तर मग देवच वाचवेल. पुढचा ब्रेक लावच बाबा, स्टाइल गेली खड्ड्यात.

ॲडजस्ट करायला मागच्या चाकाचे दोन्ही नट थोडे ढिले कर, चाक मागे ओढ, चेनकडचा नट आधी जरा आवळ, मग चाक फ्रेमच्या मधोमध आणून दुसरा, शेवटी दोन्ही कचकून. आवळताना चाक सरकतंच, म्हणून परत चेक कर. आणि चाक फिरत असताना चेनजवळ बोट अजिबात नको, फिक्सीत चाक फिरतंय तोवर चेन थांबत नाही.