आधी पाणी प्या, मग टूरचं बघू

दादा, तुमचं पत्र चार पानी आहे, त्यातलं दीड पान गाडीवर, अर्धं पान सस्पेन्शनवर, आणि ज्या एका वाक्यामुळे मी हे उत्तर लिहायला बसलेय ते तुम्ही कंसात टाकून पुढे गेलात.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. दादा ५४ चे, वहिनी ५१ च्या. मोठी मुलगी नोकरीसाठी बाहेर गेली, मागच्या वर्षी धाकटाही शिकायला गेला, घर एकदम सुनं झालं. दादांनी ठरवलं आता आपलं आपण जगायचं, मोठी टूरिंगची बाईक घेतली, वहिनींना हेल्मेट, जॅकेट, बूट, ग्लोव्ह्ज सगळं चांगल्यातलं घेऊन दिलं, टॉपबॉक्सला, म्हणजे मागच्या सामानाच्या पेटीला, पाठ टेकायला गादी लावली, इंटरकॉम बसवला. तीन टूर झाल्या. पहिल्या दोन मस्त झाल्या असं दादांचं म्हणणं. तिसरीत चौथ्या दिवशी सकाळी बॅगा बांधताना वहिनी म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढे, मी बसने येते. आता १६ दिवसांची मोठी टूर ठरतेय तर म्हणतायत तुम्ही एकटेच जा, अगदी मनापासून जा, मला राग नाही. दादांचा अंदाज असा की तिचं मन मुलांत अडकलंय, थोडा वयाचा भाग असेल, थोडी हिंमत गेली असेल. तर तिला तयार कसं करू?

आणि हे ते कंसातलं वाक्य, जसंच्या तसं: "ती तशी खूप सोशिक आहे, निघायच्या दिवशी सकाळपासून पाणीसुद्धा पीत नाही, त्यामुळे मध्येमध्ये थांबायची कटकट नसते."

दादा, तुम्ही हे कौतुकाने लिहिलंय. मला वाचून तुमचा कान धरावासा वाटला.

जरा हिशोब करू, सगळे आकडे तुमच्याच पत्रातले. सकाळी ६ ला निघता. टाकी २० लिटरची, दोघं आणि सामान घेऊन गाडी लिटरला २२ देते, म्हणजे ४०० किलोमीटर बिनघोर, आणि "थांबायचं ते फक्त पेट्रोलला". ताशी सरासरी ६५-७० पडली तरी ४०० ला जवळजवळ सहा तास लागतात. म्हणजे सध्या तुमच्या बायकोने बाथरूमला कधी जायचं हे पेट्रोलची टाकी ठरवते. टाकीशी वाद घालता येत नाही, म्हणून त्या बाईने आपल्याकडून काय करता येईल ते केलं, पाणीच बंद केलं. आणि हो, मध्ये तुम्हाला लागली की तुम्ही गाडी बाजूला घेता, तेही लिहिलंयत, "मी दोन मिनिटांत झाडामागे जाऊन येतो, ती तर हेल्मेटसुद्धा काढत नाही". हे थांबणं तुम्ही थांबण्यात धरलेलंच नाही! तुमच्यासाठी ते दोन मिनिटांचं काम आहे. वहिनींना आधी जागा शोधायला लागते, मग ग्लोव्ह्ज, हेल्मेट, जॅकेट, ती रायडिंग पॅंट, आणि एवढं सगळं करताना रस्त्यावर माणूस गाडी चालू ठेवून उभा आहे हे डोक्यात. मग कोण उतरेल?

आता पाणी न पिण्याने काय होतं ते बघा. गाडीवर सतत वारा लागत असतो त्यामुळे घाम आलेला कळतच नाही, आला की उडून जातो, अंग कोरडं लागतं आणि माणसाला वाटतं मला कुठे घाम येतोय. हवा अंगापेक्षा गरम असेल, म्हणजे साधारण ३७ च्या वर, तर तोच वारा गार करायचं सोडून तापवायला लागतो, मग शरीराकडे घाम हा एकच उपाय उरतो आणि घामाला पाणी लागतं, जे वहिनी सकाळपासून प्यायलेल्याच नाहीत. ६० किलोच्या माणसाच्या अंगातलं ९०० मिली पाणी कमी झालं की वजनाचा दीड टक्का झाला, आणि एवढ्यावरच डोकं दुखतं, चिडचिड होते, लक्ष लागत नाही. तुम्ही लिहिलंय की दुपारनंतर तिचं डोकं दुखतं, हेल्मेट घट्ट होत असेल, एक साइज मोठं घेऊ का. अहो नका घेऊ! सैल हेल्मेट पडल्यावर डोक्यावर फिरतं, निघूनसुद्धा जातं. हेल्मेट आहे ते बरोबर आहे, त्यांना पाणी द्या.

आणि पुढचं जरा नीट वाचा. पाणी कमी पिणं आणि लघवी तासन् तास दाबून ठेवणं, दोन्हीने मूत्रमार्गाचं इन्फेक्शन व्हायची शक्यता वाढते. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा असतो, पुरुषांचा त्याच्या चार-पाच पट लांब, त्यात पाळी जायच्या वयात इस्ट्रोजेन कमी झालं की त्रास अजून वाढतो. तुमच्या तिसऱ्या पानावर एक वाक्य आहे, "परत आल्यावर तिला थोडा ताप होता, अँटिबायोटिकचा कोर्स झाला". कशाचा कोर्स? तुम्हाला चेन दर ५०० किलोमीटरला ल्यूब करायची हे माहितीये, सस्पेन्शनच्या स्प्रिंगचा ताण (प्रीलोड) किती क्लिकवर आहे ते माहितीये, दोघांच्या वजनाला मागच्या टायरमध्ये किती हवा हेसुद्धा पाठ आहे. हे माहिती नाही. मी डॉक्टर नाही, आणि कदाचित तो ताप साधाच असेल, पण तुम्ही विचारलेलं नाही हे मात्र पत्रातूनच दिसतंय.

मुलांचा मुद्दा. मला वाटतं तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंय, फक्त अर्थ उलटा लावलाय. मुलं लहान असताना चौघं मिळून गाडीने जायचात ना? तेव्हा दर तासाला मागून कोणीतरी ओरडायचं, बाबा थांबा, शू आली. तुम्ही वैतागत असाल, पण थांबायचात, लेकरू म्हटल्यावर करणार काय. त्या लेकराला घेऊन कोण उतरायचं? वहिनी. त्याचं उरकता उरकता स्वतःचं उरकून घ्यायच्या, तोंडावर पाणी मारायच्या, कंबर सरळ करायच्या, गाडीत बसताना त्यालाच दटावायच्या की आता परत मागायची नाही हं. थांबलो ते मुलामुळे, नाव मुलाचं. वीसेक वर्षं त्या अशाच थांबल्यात. आता मुलं गेली आणि थांबायला दुसऱ्याचं कारण उरलं नाही, उरलं ते फक्त स्वतःचं, आणि स्वतःसाठी चालती गाडी थांबवायची सवय त्यांना कधी लागलीच नाही. गाडीवर त्यांना मुलांची आठवण येत असेल तर अशी येत असेल.

हिंमतीचं म्हणाल तर तुमच्याच पत्रात पुरावा आहे की ती गेलेली नाही. वळणावर त्या तुमच्याबरोबर बरोबर झुकतात, घाबरून उलट्या बाजूला वजन टाकत नाहीत, हे तुम्ही अभिमानाने लिहिलंय. पिलियनला, म्हणजे मागे बसणाऱ्याला, हे जमणं सोपं नाही. तुम्हाला खड्डा दिसतो, तुम्ही फुटपेगवर थोडं उठून धक्का पायावर घेता, हातात हँडल, गुडघ्यात टाकी. त्यांच्यासमोर तुमच्या हेल्मेटची मागची बाजू. खड्डा त्यांना बसल्यावरच कळतो, तोही मागच्या चाकाजवळच्या उंच सीटवर. भरलेलं ब्लॅडर घेऊन हे असं पाच-सहा तास करून बघा एकदा, मग हिंमतीवर बोलू.

आणि ते इंटरकॉमचं. "पहिला तास ती छान गुणगुणत असते, मग गप्प होते, झोप येत असावी." दादा, पहिल्या तासानंतर माणूस गप्प का होतो ह्याचा एवढा महागाचा पुरावा कानात वाजत होता आणि तुम्ही झोप म्हणून सोडून दिलात? झोप असेल तर अजूनच वाईट, मागे पेंगणारा माणूस कधी कुठे वजन टाकेल सांगता येत नाही. पण झोप नसावी. त्या मोजत असाव्यात, अजून किती किलोमीटर.

तुम्ही उदाहरण दिलंय थेरेसा वॉलक आणि फ्लोरेन्स ब्लेंकिरन ह्या दोघींचं, की १९३४ च्या डिसेंबरात लंडनहून निघून बाईकवर सहारा ओलांडून त्या केपटाउनला पोचल्या आणि हिला मागे नुसतं बसवत नाही. उदाहरण खरंय आणि फार भारी आहे. पण त्या पोचल्या १९३५ च्या जुलैत. साडेसात महिने घेतले, बरोबर साइडकार होती, ट्रेलर होता, आणि कुठे थांबायचं हे त्या दोघींनीच ठरवलं. तुम्ही दिवसाला ५२० किलोमीटर ठरवलेत, संध्याकाळी अॅपवर रेषा काढून ग्रुपवर टाकलीत, आणि वर सहाराचा दाखला. २४ तासांत १,००० मैल करणारे आयर्न बट ह्या लांब पल्ल्याच्या बाईकस्वारांच्या संघटनेवाले तरी असतात ना, तेसुद्धा पाठीवर पाण्याची पिशवी लावून नळीने पीत जातात, कारण लांबचं चालवायचं तर पाणी तोडून चालत नाही हे त्यांना पक्कं कळलंय. आणि तुम्ही स्वतः किती पिता हो दिवसभरात? ते पत्रात कुठेच नाही. लक्ष उडायचा नियम हँडल धरणाऱ्यालाही लागू आहे.

आता कोणीतरी म्हणणारच की मग वहिनींनी तोंडाने सांगायला काय झालं होतं. सांगायला हवं होतं, मान्य. पण त्यांनी मला पत्र लिहिलेलं नाही, तुम्ही लिहिलंय.

तर करायचं ते एकच. येत्या रविवारी दीडशे किलोमीटर जाऊन या, जास्त नाही. रात्रीच नकाशावर दर ५० किलोमीटरला बरं वॉशरूम असेल अशी जागा शोधून ठेवा, हे काम तुमचं, त्यांच्यावर ढकलू नका. आणि तिथे पोचलात की थांबा. "थांबायचंय का तुला?" असं विचारायचं नाही, कारण त्याचं उत्तर "नको, चला" हेच येणार, ते उत्तर त्यांनी वर्षानुवर्षं घोटलंय. तुम्ही म्हणायचं, मला थांबायचंय. इंजिन बंद, किल्ली खिशात, हेल्मेट काढायचं, ग्लोव्ह्ज काढायचे, बाटली काढून आधी स्वतः पाणी प्यायचं आणि मग त्यांच्या हातात द्यायची. लागली नसली तरी आधी तुम्ही वॉशरूमला जा. जाऊन आलात की गाडीशी घुटमळत उभं राहायचं नाही, कुठेतरी टेकायचं. मोबाईल बघायचा नाही, घड्याळ बघायचं नाही, "झालं का?" हे दोन शब्द तर अजिबात काढायचे नाहीत. पंधरा मिनिटं. त्या म्हणतील अहो चला ना, उशीर होतोय. होऊ दे म्हणा. पहिल्या दोन थांब्यांना त्या बहुतेक पाणी पिणारच नाहीत, नुसतं तोंड ओलं करतील, त्यांचा विश्वासच बसणार नाही की पुढच्या ५० ला परत थांबणार आहात. तुम्ही परत थांबायचं. असे चार-पाच रविवार करा, त्यात एकदाही "आज मूड आहे, सरळ काढू" असं करायचं नाही, एकदा केलंत की सगळं पाण्यात.

त्या १६ दिवसांच्या टूरचं आत्ता घरात नावसुद्धा काढू नका. मित्रांबरोबर ठरलं असेल तर सरळ कळवून टाका की माझं नक्की नाही. मित्रांच्या बायका आनंदाने येतात हे तुम्ही दोनदा लिहिलंय, त्या सकाळी पाणी पितात का ते तुम्हाला माहिती नाही आणि तुमच्या मित्रांनाही नसेल. पुढेमागे वहिनींनी स्वतःहून विचारलं की त्या मोठ्या टूरचं काय झालं, तर रूट अर्धा करून दिवस तेवढेच ठेवा, रोजचे अडीचशेच्या आत. नाहीच विचारलं तर एकटे जा, त्यांनी मनापासून सांगितलंय तर मनापासून जा, परत आल्यावर टोमणे मारायचे नाहीत.

आणि ते अँटिबायोटिक कशाचं होतं, ते रविवारपर्यंत ठेवू नका. आज रात्रीच विचारा.