शाळा 'भरली' की 'आठवली'?

चोपड्याच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या गावच्या माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणिकेत एक छोटी कविता येतेय, लिहिणारा पन्नाशीचा माणूस मे महिन्यात आपल्या जुन्या मराठी शाळेत जाऊन आला त्याची :

कुलूप होतं दाराला, ओट्यावर बकरी बसलेली,
मी पायरीवर टेकलो अन् शाळा भरली.
सातवीत, कापसाच्या वेचणीत सुटली होती माझी,
आज भरली ती सुटायचं नाव घेईना.

तपासणाऱ्या सरांचं म्हणणं की बंद शाळा भरेल कशी, तिथं 'आठवली' करा, आणि 'सुटली होती माझी' हे अर्धवट वाटतं म्हणून 'सोडली होती मी' करा. ताईंना दोन्ही बदल खटकताहेत पण का ते सांगता येत नाहीये.

ताई, तुम्हाला खटकलं ते बरोबरच खटकलं. आधी 'भरली'चं बघू. आपण शाळा भरते म्हणतो, बाजार भरतो, जत्रा भरते, सभा भरते, सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोडेबाजार भरतो, पण बँक भरते असं कोणी म्हणत नाही, ती उघडते. कारण बँक माणसं नसली तरी बँकच असते, पण माणसांशिवाय बाजार म्हणजे नुसतं मोकळं मैदान. माणसं जमली की जे तयार होतं तेच 'भरतं', आणि मराठीनं शाळेला बँकेच्या नाही, जत्रेच्या रांगेत बसवलंय, हे मला फार आवडतं. म्हणून कुलूप लावलेल्या शाळेला 'भरली' म्हटलं की बिल्डिंगबद्दल काही सांगितलंच जात नाही, पोरं जमली एवढंच कळतं. 'आठवली' केलं तर हे सगळं गेलं, मग तो माणूस एकटाच पायरीवर बसलेला राहतो. शिवाय भरणे म्हटलं की गळा भरून येणं, आभाळ भरून येणं हेही मागे हलकं ऐकू येतंच.

आता 'सुटली', खरा जीव इथं आहे. शाळा सुटते म्हणजे रोज संध्याकाळी घंटा होते ते एक, आणि माझी शाळा सुटली म्हणजे शिक्षणच थांबलं ते दुसरं. आपल्याकडे कापूस वेचणीच्या दिवसात दिवाळीच्या सुट्टीत पोरगं वेचायला जातं आणि सुट्टी संपली तरी वावरातच राहतं, असं कित्येकांचं झालंय, आणि ते लोक 'मी शाळा सोडली' असं कधी म्हणत नाहीत, 'सुटली' म्हणतात. व्याकरणात सोडणे सकर्मक, त्याला करणारा लागतो, सुटणे अकर्मक, ते आपोआप होतं. 'सोडली होती मी' केलं की सातवीतल्या पोरावर निर्णयाचा भार टाकला, जो त्यानं घेतलाच नव्हता. 'सुटली'मध्ये दोष ना पोराचा ना बापाचा, घरची ओढाताण होती एवढंच. आणि 'माझी' शेवटी टाकल्यानं बाकीच्यांची चालू राहिली, माझीच तेवढी सुटली, हेही कळतं. ते अर्धवट नाही, बोलण्यात आपण असंच बोलतो.

मग चौथ्या ओळीत तोच शब्द रोजच्या घंटेच्या अर्थानं परत येतो. एकदा सुटली ती कायमची आणि आज भरली तर सुटत नाही. 'सोडली' केलंत तर ही जोडीच तुटते आणि शेवटची ओळ एकटी पडते.

एकच सुचवतो, बदल म्हणून नाही. कार्यक्रमात कविता वाचणार असाल तर तिसऱ्या ओळीत 'सातवीत'नंतर थोडं थांबून वाचा. आणि वाचणारा अहिराणी बोलणारा असेल तर दुसरी ओळ एकदा 'शाया भरनी' अशीही म्हणू द्या, आपल्याकडे ळ चा य होतोच. छापताना मात्र कवीनं लिहिलंय तसंच छापा.