सेरोटोनिनचा 'रिसेप्टर': ग्राहक, ग्राही की संवेदक?

प्रश्न : 'मेंदूतील सेरोटोनिन ग्राहक उत्तेजित झाल्याने रक्तदाब व ताण वाढतो' असे वाक्य वाचनात आले. 'रिसेप्टर'साठी ग्राहक, ग्राही, संवेदक असे तिन्ही शब्द सापडतात. बरोबर कोणता?

उत्तर : या वाक्यात 'ग्राही' हवा. (सेरोटोनिन हे पेशींमध्ये संदेश नेणारे रसायन.) ग्राहक आणि ग्राही हे दोन्ही 'ग्रह्' म्हणजे घेणे या धातूपासून आलेले, पण 'ग्राहक' दुकान आणि बँकेत इतका रुळला आहे की वाचक आधी तोच अर्थ घेतो. 'ग्राही'लाही आयुर्वेदात जुना अर्थ आहे : सुंठ, जिरे यांसारखी शौचाला बांधणारी द्रव्ये. मेंदूविषयी लिहिताना मात्र त्याने घोटाळा होत नाही.

खरा घोळ 'संवेदक'चा. इंग्रजीत 'रिसेप्टर' हे एकच नाव दोन अगदी वेगळ्या गोष्टींना आहे आणि रक्तदाबाच्या विषयात त्या दोन्ही एकाच परिच्छेदात येतात. मानेत कॅरोटिड धमनीला जिथे दोन फाटे फुटतात तिथे एक छोटा फुगवटा असतो. त्याच्या भिंतीत मज्जातंतूंची टोके असतात. दाब वाढला की भिंत ताणली जाते, टोकांकडून मस्तिष्कपुच्छाकडे (मेंदूच्या तळाशी असलेल्या भागाकडे) जाणारे संदेश भराभर सुटू लागतात, मग हृदयाचे ठोके मंदावतात आणि रक्तवाहिन्या सैलावतात. ही टोके काही घेत नाहीत, ती भिंतीचे ताणले जाणे ओळखतात. म्हणून त्यांना 'दाबसंवेदक' म्हणावे. सेरोटोनिनचा रिसेप्टर हा पेशीपटलात रुतलेला प्रथिनाचा रेणू. त्याच्या खाचेत सेरोटोनिन बसते, म्हणून तो 'ग्राही'. दोघांना एकच शब्द वापरला, तर मानेतल्या टोकांत आणि मेंदूतल्या प्रथिनांत वाचकाला फरकच कळत नाही.

'सेरोटोनिन' या नावातच रक्तवाहिन्या आहेत. १९४८ साली अमेरिकेतील क्लीव्हलँडमध्ये रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज या संशोधकांनी रक्तरसातून (सीरममधून) हा पदार्थ वेगळा काढला. तो रक्तवाहिन्या आवळतो, त्यांचा 'टोन' वाढवतो. 'सीरम' आणि 'टोन' यांवरून हे नाव पडले. मेंदूत तो असल्याचे ट्वॅरॉग आणि पेज यांनी १९५३ साली दाखवले. रक्तातले सेरोटोनिन मेंदूत शिरू शकत नाही, मेंदू स्वतःचे वेगळे बनवतो. म्हणून वाक्यातला 'मेंदूतील' हा शब्द गाळू नये.

आता 'उत्तेजित झाल्याने वाढतो' याकडे पाहू. शब्दापेक्षा मोठी चूक इथे आहे. सेरोटोनिनच्या ग्राहींचे ७ गट आणि १४ प्रकार आहेत, आणि सगळे एकाच दिशेने काम करत नाहीत. त्यांच्या नावांतले '५-एचटी' हे सेरोटोनिनच्या रासायनिक नावाचे लघुरूप. ५-एचटी१ए हा ग्राही पेशीला शांत करणारा. मेंदूत तो उद्दीपित केला की अनुकंपी चेतासंस्थेचा (हृदयाचे ठोके वाढवणाऱ्या, रक्तवाहिन्या आवळणाऱ्या मज्जातंतूंचा) जोर ओसरतो आणि रक्तदाब उतरतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसते. रक्तदाब उतरवणारे युरापिडिल हे औषध रक्तवाहिन्यांवरचे अल्फा-१ ग्राही (हे सेरोटोनिनचे नव्हेत, नॉरॲड्रेनलिनचे) रोखते आणि मेंदूतल्या ५-एचटी१एला चेतवते. चिंतेवरचे बुस्पिरोन हे औषध याच ग्राहीचे अंशतः उद्दीपक आहे. म्हणजे रक्तदाब आणि मनावरचा ताण या दोन्ही बाबतींत मूळ वाक्य या ग्राहीला उलटे लागते. ५-एचटी२ए हा ग्राही मात्र पेशीला चेतवणारा. म्हणून ग्राहीचा प्रकार लिहिल्याशिवाय 'वाढतो' किंवा 'कमी होतो' लिहूच नये. 'उत्तेजित'ऐवजी 'उद्दीपित' बरा, कारण 'उत्तेजित' म्हटले की काहीतरी वाढलेच असणार असे वाचक गृहीत धरतो.

'ताण'ही जपून वापरावा. धमनीची भिंत ताणली जाते, मनावर ताण येतो, आणि 'हायपरटेन्शन'चे भाषांतर कुणी 'अतिताण' करतो. शेवटच्यासाठी 'उच्च रक्तदाब' हाच रुळलेला शब्द लिहावा.

रूपे अशी : एक ग्राही, अनेक ग्राही, ग्राहीला, ग्राहींना. 'ग्राह्याला' नको, ते 'ग्राह्य'चे रूप वाटते. समासात आधी आला तर ऱ्हस्व, 'मंत्रिमंडळ'सारखा : ग्राहिरोधक, ग्राहिप्रथिन. शेवटी आला तर दीर्घ : सेरोटोनिनग्राही.

मूळ वाक्य असे दुरुस्त करता येईल : 'मेंदूतील ५-एचटी१ए सेरोटोनिनग्राही उद्दीपित झाले, की अनुकंपी चेतासंस्थेचा जोर कमी होतो आणि रक्तदाब उतरतो.'