इंग्लंडची डिसेंबर रोड ट्रिप: एफडी मोडू की पर्सनल लोन घेऊ?

ताई, तुमचं सगळं वाचलं, आकडे व्यवस्थित दिलेत त्याबद्दल आधी थँक्यू, नाहीतर लोक नुसतं "परवडेल का हो" एवढंच विचारतात. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. नाशिकचं जोडपं, दोघं नोकरीत, हातात मिळून १,५५,००० येतात. होम लोनचा हप्ता ४६,०००, घरखर्च आणि शाळा धरून ५५,०००, एसआयपी २०,०००. एफडी ५ लाख, सेव्हिंगला दीड लाख पडून आहेत, दिवाळीला मिस्टरांचा बोनस १,२०,०००. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. प्लॅन असा की ख्रिसमसच्या आठवड्यात दहा रात्री इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून गाडीने फिरायचं, कॉट्सवोल्ड्स (टेकड्या आणि जुन्या दगडी घरांची गावं), डर्बीला मिस्टरांचा कॉलेजचा मित्र आहे तिथून पीक डिस्ट्रिक्ट, मग लेक डिस्ट्रिक्ट (हे दोन्ही डोंगराळ भाग), यॉर्कशायर आणि परत लंडन. बजेट ६ लाख. एजंट म्हणतो पर्सनल लोन करून देतो, मिस्टर म्हणतात एफडी मोडू.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, दोन्ही नको. ट्रिप मात्र करा, पण फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, थोडी छोटी करून, आणि स्वतःच्या पैशाने. आता का ते बघा.

लोनचं आधी. ६ लाख, १३ टक्के, तीन वर्षं, हप्ता बसतो साधारण २०,२१७ रुपये. तुमची एसआयपी किती आहे? २०,०००. म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत एखादा खर्च अंगावर आला की काय बंद पडणार ते मी आत्ताच सांगू शकतो, कारण हप्ता बँक कापतेच, एसआयपी मात्र ॲपवर दोन क्लिकमध्ये पॉज होते. तीन वर्षांत व्याज जातं १ लाख २८ हजारच्या आसपास, वर २ टक्के प्रोसेसिंग फी आणि त्यावर जीएसटी म्हणजे अजून चौदा हजार. आणि एक गोष्ट एजंटने तुम्हाला सांगितलेली दिसत नाही, ती व्हिसाची. यूकेच्या व्हिजिटर व्हिसाला लोक सहसा सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट लावतात आणि ऑफिसर बघतो की हा पैसा आला कुठून. दर महिन्याला पगार येतोय, थोडाथोडा साठतोय असं खातं दिसलं तर बरं, आणि अर्जाच्या तोंडावर अचानक सहा लाख जमा झालेले दिसले तर तोच प्रश्नाचा मुद्दा होतो. लोनची रक्कम तुमची बाजू भक्कम करत नाही, उलट अवघड करते.

एफडी मोडण्यात व्याजाचं नुकसान तसं फार नाही, बँका अर्धा-एक टक्का पेनल्टी लावतात, तो मुद्दा नाहीये. मुद्दा असा की हप्ता आणि घरखर्च मिळून तुमचे महिन्याला १,०१,००० जातात, म्हणजे ही ५ लाखांची एफडी म्हणजे जेमतेम पाच महिन्यांची सोय, आणि सेव्हिंग ट्रिपला गेलं की तुमच्याकडे दुसरी सोय नाही. मिस्टरांची कंपनी माणसं कमी करतेय असं तुम्हीच शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंय. मला ती ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. या वर्षी एफडीला हात नाही.

आता बजेटकडे या, कारण ६ लाख हा आकडाच खरा नाहीये. तुम्ही धरलंय विमानाची तिकिटं ८८,००० प्रमाणे तिघांची २,६४,०००, हॉटेल १,४०,०००, गाडी ५५,०००, पेट्रोल आणि खाणं ९०,०००, प्रवेश तिकिटं-शॉपिंग ५०,०००. बेरीज बरोबर आहे. पण व्हिसाच धरला नाही! एप्रिल २०२५ मध्ये फी १२७ पौंड झाली होती (अर्जाआधी आत्ताची बघून घ्या), लहान मुलांनाही तेवढीच, त्या हिशोबाने तिघांचे ३८१ पौंड, पौंड १२० धरला तर ४६,००० च्या घरात. ट्रॅव्हल इन्शुरन्स सहा हजार, गाडीच्या एक्सेसचा वेगळा विमा सात हजार (त्यावर पुढे बोलतो), थंडीचे जाड कपडे आणि पाणी न शिरणारे बूट यांचे २५,००० तरी, पार्किंग दहा हजार कारण तिथल्या टुमदार गावात गाडी लावायची म्हणजे मीटर चालू, आणि कार्डाचा फॉरेक्स मार्कअप (परदेशात कार्ड वापरल्याचा बँकेचा जादा आकार) अधिक जीएसटी अजून दहा हजार. झाले की एक लाखाच्या वर. म्हणजे तुमची ट्रिप सात लाखांची आहे.

आणि हे सात लाख तुम्ही कशासाठी देताय, तर बर्फासाठी. मुलीला बर्फातलं दगडी घर बघायचंय असं लिहिलंत. ताई, इंग्लंडमधला ख्रिसमस कार्डावर पांढरा असतो, प्रत्यक्षात बहुतेक वेळा ओला आणि राखाडी. तिथलं हवामान खातं स्वतःच सांगतं की बर्फाची शक्यता डिसेंबरपेक्षा जानेवारी ते मार्चमध्ये जास्त, आणि तेव्हाही डोंगरावर जास्त, कॉट्सवोल्ड्सच्या गावात कमी. गॅरंटी फेब्रुवारीतही नाही, पण मग निदान सर्वात महाग आठवड्याचे पैसे तरी देऊ नका. २५ डिसेंबरला ट्रेन बंद, बहुतेक दुकानं बंद, पबमध्ये जेवण महिनाभर आधी बुक केलेलं असेल तरच, आणि बरीच कॉटेजेस त्या आठवड्यात एक-दोन रात्रींना देतच नाहीत. शिवाय उजेड. २१ डिसेंबरच्या आसपास लेक डिस्ट्रिक्टमध्ये सूर्य साडेआठला उगवतो आणि चारच्या आत मावळतो. सीनिक ड्राइव्हला मिळाले सव्वासात तास, त्यातला एक तास काचेवरचं बर्फ खरवडण्यात आणि नाश्त्यात. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात नऊ तासांच्या आसपास उजेड असतो. दहा दिवसांत हा दीड तास रोज जास्तीचा, याची किंमत तुमच्या एक्सेलमध्ये कुठेच नाहीये.

फेब्रुवारीचे तोटेपण सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलंय. चॅट्सवर्थसारखी मोठी घरं तेव्हा आतून बंद असतात, नॅशनल ट्रस्टची बरीच घरंही. मुलीची आठ-दहा दिवस शाळा बुडेल. आणि त्यांच्या शाळांना फेब्रुवारीच्या मध्यावर एक आठवडा सुट्टी असते, हाफ टर्म म्हणतात, तेव्हा लेक डिस्ट्रिक्टचे दर परत वर जातात, म्हणून पहिला आठवडा म्हणतोय. बदल्यात स्नोड्रॉप्स फुललेले असतात, कॉट्सवोल्ड्समधल्या पेन्सविकच्या बागेत आणि कोल्सबोर्न पार्कमध्ये लोक खास तेवढ्यासाठी जातात. बायबरीची ती प्रसिद्ध घरांची रांग, आर्लिंग्टन रो, मूळची १३८० च्या सुमाराची, उन्हाळ्यात तिथे पर्यटकांची झुंबड असते, फेब्रुवारीत सकाळी नऊला गेलात तर फोटोत मुलगी आणि घरंच येतील.

यॉर्कशायर मी सरळ कापलंय, मिस्टर रागावतील, चालेल. मँचेस्टरला उतरा, मित्राकडे डर्बीला दोन रात्री, तिथून पीक डिस्ट्रिक्टमधली बेकवेल आणि कॅसलटन ही गावं, मग लेक डिस्ट्रिक्टला अँबलसाइड किंवा केझिकमध्ये तीन रात्री, मग एक दिवस सरळ मोटरवेने खाली कॉट्सवोल्ड्सला तीन रात्री, आणि हीथ्रोहून परत. साधारण साडेसहाशे मैल होतात, भरपूर झालं. हिशोब असा: विमानाची तिकिटं एजंटने फेब्रुवारीची ६२,००० सांगितलीत ना, मग १,८६,०००. सहा रात्री ८० पौंडाने ५८,०००. ऑटोमॅटिक गाडी आठ दिवस, एका शहरात घेऊन दुसरीकडे सोडायचा चार्ज धरून ४२,०००. पेट्रोल-खाणं ६१,०००. प्रवेश तिकिटं-शॉपिंग ३५,०००. वर व्हिसा-विमा-कपडे वगैरे एक लाख. एकूण ४ लाख ८२ हजार. तुमच्याकडे ऑगस्ट ते जानेवारी महिन्याला ३०,००० बाजूला काढले तर १,८०,०००, हातातले दीड लाख, बोनसचे १,२०,०००, झाले साडेचार लाख. बत्तीस हजार कमी पडतात. शॉपिंग कमी करा, जाड जॅकेटं मित्राच्या घरातून किंवा नातेवाइकांकडून उसनी आणा, निघून जाईल. हे तीस हजार पगार झाल्याच दिवशी आरडीत किंवा लिक्विड फंडात टाका, सेव्हिंगला ठेवलेत तर नोव्हेंबरपर्यंत फ्रिज येईल घरात.

आता गाडी, कारण खरा धोका तिथे आहे. मित्र म्हणतोय "माझीच गाडी घे, भाडं कशाला". प्रेमाने म्हणतोय, पण तिकडे विमा सहसा गाडी कोण चालवणार ते नाव बघून देतात, मिस्टरांचं नाव पॉलिसीवर नसेल तर ती विमा नसलेली गाडी चालवणं झालं. ३०० पौंड दंड, सहा पेनल्टी पॉइंट, आणि पोलीस गाडी जप्तसुद्धा करू शकतात, मित्राची! म्हणून भाड्याचीच घ्या. आपलं लायसन्स पाहुण्याला तिथे १२ महिने चालतं, गाडी उजव्या स्टिअरिंगची, रस्ता डावीकडून, तो भाग सोपा आहे. मुलीसाठी बूस्टर सीट कायद्याने लागते, १२ वर्षं किंवा १३५ सेंटीमीटर उंची होईपर्यंत, ती आधीच बुक करा.

काउंटरवर काय होतं ते नीट वाचा. भाड्यात विमा असतो, पण नुकसान झालं तर पहिले हजार-दीड हजार पौंड तुमचे, त्याला एक्सेस म्हणतात, आणि कंपनी तेवढी रक्कम क्रेडिट कार्डावर ब्लॉक करू शकते. चालवणाऱ्याच्याच नावाचं कार्ड लागतं, डेबिट बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत. दीड हजार पौंड म्हणजे १,८०,००० आणि मिस्टरांच्या कार्डाची लिमिट तुम्ही दीड लाख लिहिलीये. मग काय होतं, मागे लाईन लागलेली असते, मुलगी कंटाळलेली असते, समोरचा गोड हसून म्हणतो सर फुल कव्हर घ्या रोजचे पंचवीस-तीस पौंड, आणि माणूस सही करतो. आठ दिवसांचे पंचवीस-तीस हजार गेले तिथल्या तिथे. त्यामुळे दोन कामं आत्ताच करा, बँकेला सांगून कार्डाची लिमिट वाढवून घ्या, आणि एक्सेसचा विमा घरूनच वेगळ्या कंपनीचा ऑनलाइन घ्या, त्यात टायर, काच आणि गाडीची खालची बाजू कव्हर आहे का ते बघून. कारण तिकडच्या गल्ल्या अरुंद आणि दोन्ही बाजूंना चुना-सिमेंट न लावता रचलेल्या दगडी भिंती, आपल्या कोकणातल्या गडग्यासारख्या, समोरून ट्रॅक्टर आला की डावा आरसा किंवा टायर तिथेच घासतो.

मिस्टर कसारा घाट नेहमी चालवतात म्हणता, चांगलं आहे, पण हार्डनॉट आणि रायनोज या लेक डिस्ट्रिक्टच्या खिंडींत थंडीत जायचंच नाही, चढ ३३ टक्क्यांपर्यंत आणि मीठ टाकत नाहीत तिथे. शेफील्डहून येणारा स्नेक पासही बर्फ पडला की बंद होतो. २०२१ च्या नोव्हेंबरात टॅन हिल इन नावाच्या ब्रिटनमधल्या सर्वात उंचावरच्या पबमध्ये वादळामुळे साठेक लोक तीन रात्री अडकून पडले होते, त्यांना मजा आली म्हणे, पण तुमचं परतीचं विमान दुसऱ्या दिवशी असेल तर मजा नाही. म्हणून डोंगर आधी आणि कॉट्सवोल्ड्स शेवटी ठेवलंय, आणि लेक डिस्ट्रिक्टचं बुकिंग फ्री कॅन्सलेशनचंच घ्या, चार-पाच पौंड जास्त गेले तरी.

खाण्यात एक बारीक गोष्ट, खेड्यातल्या पबचं किचन दुपारी अडीचच्या आसपास बंद होतं ते संध्याकाळी सहाला उघडतं. आठ वर्षांच्या पोरीला घेऊन साडेतीनला पोचलात तर चिप्सचं पाकीट मिळेल फक्त. सकाळी टेस्कोसारख्या सुपरमार्केटमधून सँडविचं गाडीत टाकून ठेवा, त्यानेच रोजचे वीस पौंड वाचतात.

क्रम असा ठेवा. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधी करता येतो, म्हणजे नोव्हेंबरात, निकाल साधारण तीन आठवड्यांत येतो, तोपर्यंत नॉन-रिफंडेबल तिकीट काढू नका, एजंटने कितीही घाई केली तरी. एजंटचं पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस (विकणाऱ्याने आधीच वसूल करून सरकारकडे भरायचा आयकर) कापतील, तो रिटर्नमध्ये वळता होतो पण तोवर पैसा अडकतो. स्वतः बुकिंग करून फॉरेक्स कार्डावर पौंड भरलेत तर वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस नाही, तुमचा खर्च त्याच्या कितीतरी आत आहे.

आणि काही कारणाने डिसेंबरच हवा असेल, मित्र फेब्रुवारीत तिथे नसेल वगैरे, तर नोव्हेंबरअखेर तुमच्याकडे ३ लाख ९० हजार असतील, तूट ३ लाख १० हजारांची. तेवढ्यासाठी एफडी न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त लागतात, पर्सनल लोनपेक्षा खूप स्वस्त, आणि दर महिन्याच्या तीस हजारांतून अकरा महिन्यांत फिटतं. एकच अट, मिस्टरांच्या कंपनीचं चित्र ऑक्टोबरपर्यंत स्पष्ट झालेलं असलं पाहिजे. ते झालं नसेल तर डिसेंबर विसरा आणि मला दिवाळीनंतर परत लिहा.