ओटिस रेडिंग आणि अरीथा फ्रँक्लिन ऐकून झाले, आता दक्षिणेकडच्या सोलमध्ये कोणाला ऐकू?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एक, अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या सोल, म्हणजे चर्चमधल्या गाण्यातून घडलेल्या कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या, गायकांपैकी फारसा माहीत नसलेला पण ऐकायलाच हवा असा कोण? आणि दुसरी, या गाण्यांत काळजाला हात घालणारं नेमकं काय असतं? पहिल्याचं उत्तर एका नावात देतो: जेम्स कार. दुसऱ्याला थोडा वेळ लागेल.

पुढे वाचण्याआधी एक गाणं ऐकून या. 'द डार्क एंड ऑफ द स्ट्रीट'. जेमतेम अडीच मिनिटांचं आहे. काम करता करता लावू नका. रात्री, एकटे असाल तेव्हा, इयरफोन घालून ऐका.

ऐकलंत? आता सांगतो मला त्यात काय ऐकू येतं.

गिटार थरथरत सुरू होते. ट्रेमोलो म्हणतात त्या थरथरीला, सूर तोच राहतो पण त्याचा जोर लाटेसारखा कमीजास्त होत राहतो. पाण्यात दिव्याचं प्रतिबिंब हलावं तसं. मग कार गायला लागतो, आणि पहिल्या ओळीत तो काहीच करत नाही. मुरकी नाही, हरकत नाही, आवाज चढवणं नाही. जड, खालच्या पट्टीतला आवाज, एखादी गोष्ट सांगायची नाहीच असं ठरवून बसलेल्या माणसाने शेवटी ती सांगून टाकावी तसा. गोष्ट साधी आहे. एकमेकांवर प्रेम असलेली, पण ते करायचा हक्क नसलेली दोन माणसं रस्त्याच्या अंधाऱ्या टोकाला चोरून भेटतात. ती कोण, का चोरून, हे गाणं सांगत नाही. चूक आहे हे दोघांनाही माहीत आहे, एवढंच सांगतं.

मधल्या कडव्यात तो म्हणतो की ते आपल्याला शोधून काढतील. एकदा म्हणतो, दोनदा म्हणतो, आणि तिसऱ्यांदा म्हणताना मध्येच देवाला हाक मारतो, 'लॉर्ड'. आपल्याकडे गाणं ऐकणारे ज्याला पुकार म्हणतात ना, ती ही. पण तिचा आवाज मोठा नाही. कार हा बाप्टिस्ट पाद्र्याचा मुलगा. लहानपणापासून चर्चमध्ये गायलेला. त्यामुळे ती हाक सवयीने तोंडात आलेला शब्द वाटत नाही. ज्याच्यापासून लपता येत नाही त्यालाच तो सांगतोय की आम्ही लपलोय. गाण्यातलं सगळं भय मला त्या एका शब्दात साठलेलं वाटतं.

आणि मग ती ओळ, जिच्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो. दिवसाउजेडी बाजारात आपण समोरासमोर आलो, तर ओळख दाखवू नकोस, नुसती निघून जा, असं तो तिला सांगतो. इथे तो 'वॉक' हा शब्द दोनदा घेतो. पहिला 'वॉक' म्हणतो आणि त्याला जणू पुढे जाववत नाही. क्षणभराची फट पडते. मग दुसरा 'वॉक', आणि वाक्य पुरं होतं. तिला चालायला सांगणारा स्वतःच अडखळलाय. एवढीशी जागा आहे, सेकंदभराचीही नसेल, पण शेकडो वेळा ऐकूनही ती आली की माझा श्वास अडकतो.

माझी आई तीस वर्षं आमच्या गावच्या भजनी मंडळात गायली. तिला इंग्रजी येत नाही. एकदा ती मेथी निवडत बसली होती आणि माझ्या फोनवर हे गाणं लागलं. ती काही बोलली नाही, पण हात थांबले. संपल्यावर म्हणाली, "हा भजनात गायलेला दिसतोय." कशावरून, विचारलं. म्हणाली, "ओळ संपवताना थांबतो बघ. मागच्यांनी उचलावी म्हणून थांबतात तसा." मी पुन्हा लावलं. खरंच, ओळीच्या टोकाला तो किंचित जागा सोडतो, आणि मागचे आवाज हळूच त्या जागेत येऊन बसतात. गॉस्पेलमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिगीतांत, पुढचा एक ओळ टाकतो आणि मंडळी ती झेलतात, तीच घडण. मी ते पुस्तकात वाचलं होतं. तिने एका ऐकण्यात धरलं.

आता हा माणूस कोण ते सांगतो.

जेम्स कारचा जन्म 1942 चा, मिसिसिपी राज्यातल्या कोहोमाचा. तो लहान असतानाच घरचे टेनेसी राज्यातल्या मेम्फिसला आले, आणि तिथे तो गॉस्पेल गटांतून गायला लागला. मेम्फिसमध्ये रूझवेल्ट जेमिसन नावाचा एक गृहस्थ होता. रक्तपेढीत काम करायचा, गाणी लिहायचा, आणि चांगला गळा ऐकला की त्याच्यासाठी जिवाचं रान करायचा. त्याच्या हाताखाली तेव्हा दोन गायक होते, एक कार आणि दुसरा ओ. व्ही. राइट. (राइटही असाच मागे राहिलेला, त्यालाही ऐका. तो 1980 मध्ये जेमतेम एक्केचाळिसाव्या वर्षी गेला.) या दोघांना घेऊन जेमिसन एका मध्यरात्री क्विंटन क्लॉन्चच्या दारात उभा राहिला. क्लॉन्च हा हार्डवेअरचा फिरता विक्रेता. त्याने 1964 मध्ये भागीदारीत गोल्डवॅक्स नावाची छोटी रेकॉर्ड कंपनी काढली होती. तिघांजवळ एक टेपरेकॉर्डर होता. क्लॉन्चने त्यांना घरात घेतलं, आणि दिवाणखान्यात जमिनीवर बसून त्यांनी टेप ऐकवली. अपरात्री आलेल्या तीन अनोळखी कृष्णवर्णीय माणसांना दक्षिणेतल्या एका गोऱ्या माणसाने 1964 मध्ये आत बसवलं, हे त्या काळात सहज घडणारं नव्हतं.

'डार्क एंड' लिहिलं डॅन पेन आणि चिप्स मोमन या दोघांनी. दोघेही गोरे. 1966 मध्ये नॅशव्हिलला रेडिओवाल्यांचं एक अधिवेशन होतं. तिथे हॉटेलात पत्त्यांचा डाव चालू असताना हे दोघं मध्येच उठले, क्लॉन्चची खोली मागून घेतली, आणि अर्ध्या तासात गाणं घेऊन बाहेर आले. क्लॉन्चने खोली देताना अट घातली होती की गाणं कारला द्यायचं. चोरट्या प्रेमावरचं आजवरचं सर्वांत भारी गाणं लिहायचं, अशी या दोघांची महत्त्वाकांक्षा होती. म्हणजे कागदावर ते दोन तरबेज कारागिरांचं काम होतं. त्यात पाप, भीती आणि देव आणला तो कारने.

ते साल लक्षात घ्या. तेव्हा टेनेसीसह पंधराहून जास्त राज्यांत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय माणसांनी एकमेकांशी लग्न करणं हा गुन्हा होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे रद्द केले जून 1967 मध्ये. म्हणजे कारची रेकॉर्ड रेडिओवर वाजत होती तेव्हा ते लागू होते. गाण्यात वर्णाचा उल्लेख नाही, आणि ते त्याबद्दलच आहे असं मी म्हणणार नाही. पण दिवसाउजेडी ओळख दाखवायची चोरी म्हणजे काय, हे मेम्फिसमध्ये ऐकणाऱ्या पुष्कळांना समजावून सांगायची गरज नव्हती.

हे गाणं आर अँड बीच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या, लोकप्रियतेच्या यादीत दहाव्या जागेपर्यंत गेलं, पॉपच्या यादीत मात्र 77 वर अडकलं. त्याआधी 1966 मध्ये 'यूव्ह गॉट माय माइंड मेस्ड अप' सातव्या जागेवर गेलं होतं. पुढे 'डार्क एंड' पर्सी स्लेजने गायलं, अरीथाने 1970 मध्ये गायलं, आणखी कितीतरी जणांनी गायलं. अरीथाचं रूप मला मनापासून आवडतं, पण ते वेगळं गाणं आहे. तिच्या आवाजात इतकी ताकद आहे की तिला कोणी शोधून काढेल अशी भीती वाटत नाही. कारच्या आवाजात ती भीती आहे. पेनला स्वतःलाही कारनंतर कुणाचं रूप त्या तोडीचं वाटलेलं नाही.

मग एवढा गायक मागे का पडला? कंपनी छोटी होती हे एक. जेमिसन दुरावला, आणि कारला सांभाळून घेणारं माणूस उरलं नाही, हे दुसरं. आणि तिसरं, सगळ्यांत मोठं, म्हणजे त्याचा मानसिक आजार. त्याला बायपोलर डिसऑर्डर होता, मन कधी अतिउत्साहात तर कधी खोल उदासीत जातं तो आजार. स्टुडिओत तो तासन्‌तास गप्प बसून राहायचा, माइकसमोर यायचाच नाही. 1969 मध्ये गोल्डवॅक्स बंद पडली. 1979 मध्ये जपानचा दौरा ठरला, आणि तिथे एका कार्यक्रमात तो माइकसमोर नुसता खिळून उभा राहिला. नव्वदच्या दशकात दोन अल्बम आले. जानेवारी 2001 मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने तो गेला. वय अठ्ठावन्न.

इथे मला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे, कारण कारबद्दल लिहिणारे बहुतेक जण इथेच घसरतात. त्याच्या आजारामुळेच त्याचा आवाज एवढा दुखरा होता, असं ते म्हणतात. हे मला अजिबात पटत नाही. आजाराने त्याची गाणी हिरावून घेतली, दिली नाहीत. आजार बळावला तेव्हा तो गप्प झाला. जी गाणी आपण ऐकतो ती, गाता येत होतं त्या दिवसांतली आहेत. 'वॉक' या शब्दावर किती थांबायचं, 'लॉर्ड' कुठे घालायचा, कुठे आवाज सोडायचा आणि कुठे दाबून ठेवायचा, हे दुःखाच्या भरात आपोआप होत नाही. त्याला लहानपणापासूनची चर्चमधली तालीम लागते, आणि कान लागतो. माझ्या जवळच्या नात्यातल्या एका माणसाला हाच आजार आहे. तो उत्तम तबला वाजवतो. वाईट दिवसांत तो तबल्यावरचं कापडसुद्धा काढत नाही. ज्या दिवशी वाजवतो त्या दिवशी तो वाजवतो, आजार नाही. म्हणून कारचं श्रेय कोणी आजाराला दिलं की मला मनापासून राग येतो.

तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: या गाण्यांत रडवतं ते रडणं नव्हे, आवरणं. माझं हे म्हणणं तपासायचं असेल तर 'पोअरिंग वॉटर ऑन अ ड्राउनिंग मॅन' ऐका, तेही 1966 चंच. बुडत्या माणसावर अजून पाणी ओतावं तशी तू वागतेस, असं तो तिला म्हणतो. शब्द पाहिले तर आक्रस्ताळेपणाला पुरेपूर वाव आहे. कार तक्रार करतो, पण तोल सोडत नाही. उलट 'यूव्ह गॉट माय माइंड मेस्ड अप'मध्ये शेवटी तो आवाज मोकळा सोडतो, विनवण्या करतो, आणि तेव्हा कळतं की इतर ठिकाणी त्याने किती धरून ठेवलं होतं. हे गाणं ओ. बी. मॅक्लिंटनने लिहिलं होतं. तो पुढे स्वतः कंट्री गायक झाला. कंट्री म्हणजे मुख्यतः दक्षिणेतल्या गोऱ्यांचं ग्रामीण वळणाचं गाणं. कृष्णवर्णीय कंट्री गायक तेव्हा फार विरळा.

कंट्रीवरून आठवलं, 'लाइफ टर्न्ड हर दॅट वे' जरूर ऐका. मूळ कंट्री गाणं, हार्लन हॉवर्डने लिहिलेलं. ती कडवट वागली तर तिला दोष देऊ नका, आयुष्याने तिला तसं केलंय, असा त्याचा आशय. कारने ते गायलंय ते एखाद्या थोरल्या भावाने बहिणीची बाजू घ्यावी तसं. सोल आणि कंट्री ही दोन वेगळी घरं आहेत असं वाटत असेल, तर हे ऐकल्यावर मधली भिंत दिसेनाशी होते.

त्यानंतर 'टू लव्ह समबडी', मूळ बी जीज या गटाचं. हे 1969 मध्ये अलाबामातल्या मसल शोल्सला ध्वनिमुद्रित झालं. गोल्डवॅक्सचे ते शेवटचे दिवस होते. हे मात्र सगळं ऐकून झाल्यावर ऐका, आधी नको.

ऐकण्याचा क्रम म्हणाल तर 1967 चा पहिला अल्बम सलग ऐका, त्याला 'मेस्ड अप' गाण्याचंच नाव आहे. मग 1968 चा 'अ मॅन नीड्स अ वुमन'. गोल्डवॅक्सची सगळी सिंगल्स, म्हणजे सुट्या गाण्यांच्या रेकॉर्ड, एकत्र केलेला संचही निघालाय. नव्वदच्या दशकातले अल्बम सध्या बाजूला ठेवा. आवाज ओळखू येतो, पण ती पकड तिथे नाही.

आणि 'डार्क एंड' पुन्हा लावाल तेव्हा शेवटचे काही सेकंद राहू द्या, लगेच पुढच्या गाण्यावर जाऊ नका. गोष्ट सांगून संपलेली असते, आता म्हणायला काही उरलेलं नसतं, आणि तो नुसतं 'तू आणि मी' एवढंच म्हणत राहतो. आवाज हळूहळू विरत जातो. शेवटचं 'तू आणि मी' नेमकं कुठे थांबलं ते मला अजून कधी सांगता आलेलं नाही. आवाज कितीही वाढवून ऐका.